पायांचे वैद्यक : प्रवेश घेण्यापूर्वी सोबत राहून शिकावयाचा पाठ



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी एकच चौकशी सुरू होते. किती मार्क पडले, नीटला किती आले, नंबर कुठे लागतो? ज्या कामात पुढची पस्तीस-चाळीस वर्षे घालवायची, ते काम ह्या मुलाने किंवा मुलीने एक दिवस तरी जवळून पाहिले आहे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. आईवडील विचारीत नाहीत, कारण त्यांना ते सुचण्याचे कारण नाही. शिक्षक विचारीत नाहीत, कारण निकालाच्या फलकावर त्याचा रकाना नसतो. मग कर्ज काढून प्रवेश होतो आणि दुसऱ्या वर्षी मुलगा सुट्टीत घरी येऊन गप्प गप्प राहू लागतो.

प्रस्तुत लेख ह्या न विचारलेल्या प्रश्नासंबंधी आहे. उदाहरणादाखल मी पायांचे वैद्यक ही एकच विद्याशाखा घेतली आहे. परदेशात तिला पोडियाट्री म्हणतात. ही शाखा निवडण्याचे कारण असे की, तिच्यात प्रवेश घेण्यापूर्वी काम पाहून येण्याची रीत तिथे रुळलेली आहे. आणि पाय हा आपल्या बीड जिल्ह्याच्या कष्टकरी माणसाचा खरा भांडवली अवयव आहे.

परदेशातील रीत

अमेरिकेत पोडियाट्री हे स्वतंत्र वैद्यक आहे. आधी पदवी, मग चार वर्षांचे पोडियाट्रीचे महाविद्यालय आणि त्यानंतर रुग्णालयात तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण, असा तो लांबचा रस्ता आहे. हे शिक्षण घेतलेली व्यक्ती पावलाची आणि घोट्याची शस्त्रक्रियासुद्धा करते. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षांची पदवी आहे, आणि नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे.

ह्या महाविद्यालयांकडे अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याकडून एक अपेक्षा असते. त्याने एखाद्या पोडियाट्रिस्टच्या दवाखान्यात काही दिवस सोबत राहून काम पाहिलेले असावे. अनेक ठिकाणी त्या डॉक्टरांचे शिफारसपत्रही मागतात. मुलाखतीत विचारतात, तुम्ही काय पाहिले? तिथे पाठांतर चालत नाही. ज्याने पाहिले आहे तो घट्टा कापतानाचा आवाज सांगतो, न पाहिलेला पुस्तकातील व्याख्या सांगतो, आणि फरक लगेच कळतो.

इंग्रजीत ह्या रीतीला जो शब्द आहे त्याचा अर्थ सावलीसारखे मागे राहणे असा होतो. आपल्या समाजातल्या वाचकाला हा शब्द वाचून थोडे थांबावेसे वाटेल. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या नातवंडांनी डॉक्टरांची सावली होऊन दवाखान्यात उभे राहायचे आहे. हे काही लहान अंतर नाही.

आपल्याकडे वाट कोणती?

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. बारावीनंतर थेट पोडियाट्रीची पदवी घ्यावी अशी वाट भारतात अजून रुळलेली नाही. आपल्याकडे पायाचा रुग्ण अनेकांच्या हातून जातो. मधुमेहतज्ज्ञ साखर आटोक्यात आणतो, सर्जन जखम साफ करतो किंवा बोट काढतो, रक्तवाहिन्यांचा सर्जन रक्तपुरवठा पाहतो, अस्थिरोगतज्ज्ञ हाड पाहतो, परिचारिका रोजचे ड्रेसिंग करते, फिजिओथेरपिस्ट चालणे सुधारतो, आणि कृत्रिम अवयव व आधारसाधने बनविणारा तंत्रज्ञ बूट, पट्टा किंवा कृत्रिम पाय तयार करतो. तेव्हा ज्याला पायांचे काम करावयाचे आहे त्याने ह्यांपैकी एका दाराने आत शिरावयाचे आहे. एमबीबीएस हे त्यातील एकच दार, आणि सर्वांत गर्दीचे.

शेवटचे दार आपल्या मुलांना फारसे माहीत नाही, म्हणून त्याविषयी दोन शब्द अधिक. मुंबईला हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून ती काम करीत आहे आणि कृत्रिम अवयव व आधारसाधने ह्या विषयाची पदवी तिथे मिळते. पुण्याला १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. ज्याला गणित, हाताचे कौशल्य आणि माणसाची कणव ह्या तिन्ही गोष्टींची आवड आहे, त्याच्यासाठी हे क्षेत्र उत्तम आहे, असे माझे मत आहे. प्रवेशाचे नियम, परीक्षा आणि मुदती वरचेवर बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

परदेशी जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे. केंद्र शासनाची परदेश शिष्यवृत्तीही त्याच धाटणीची आहे. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातील पोडियाट्री ही पहिली पदवी असते. म्हणजे येथे आधी फिजिओथेरपी किंवा अन्य पदवी घेऊन मग पायाच्या विषयात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणे, हा आपल्या विद्यार्थ्याला परवडणारा मार्ग ठरतो. बारावीनंतर लगेच पाठवितो म्हणणाऱ्या दलालापासून पालकांनी दूर राहावे.

पाहण्याची गरज आपल्यालाच अधिक का

डॉक्टरचा मुलगा लहानपणापासून दवाखान्यात वाढतो. शाळेतून आल्यावर तो वडिलांच्या टेबलाशेजारी बसून गृहपाठ करतो. रक्त पाहून त्याला चक्कर येत नाही, रुग्णाशी कसे बोलावे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि रात्री दोनला दार वाजले की काय होते हेही त्याने पाहिलेले असते. हे शिक्षण त्याला फुकट मिळते व ते कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही. आपली मुले रुग्णालयात जातात ती रुग्ण म्हणून, किंवा रुग्णाचा डबा घेऊन. त्यांना रांग दिसते, खिडकी दिसते, शिपायाचा आवाज ऐकू येतो. पडद्यापलीकडे चाललेले काम दिसत नाही. राखीव जागेने महाविद्यालयाचे दार उघडले, परंतु ह्या घरगुती शिक्षणाची भरपाई कोणत्याही शासननिर्णयाने होत नाही. ती आपली आपणच करावयाची आहे.

खुद्द वैद्यकीय अभ्यासक्रमालाही ही गोष्ट पटलेली दिसते. २०१९ सालापासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रुग्णांसमोर नेण्याची तरतूद करण्यात आली. पूर्वी पहिले वर्ष निव्वळ शरीररचना आणि शरीरक्रिया यांत जात असे. प्रवेशानंतर जर ही निकड वाटते, तर प्रवेशापूर्वी ती कितीतरी अधिक वाटावयास हवी.

पायाविषयी आपल्या मनात एक जुना सलही आहे. पुरुषसूक्ताने शूद्राला पायापासून जन्मलेला ठरविले, आणि त्याची चिरफाड बाबासाहेबांनी १९४६ सालच्या ‘हू वेअर द शूद्राज?’ ह्या ग्रंथात केली. पाय म्हणजे हीन, पायाची चाकरी म्हणजे हलके काम, चामडे शिवणारा तर त्याहून हलका, अशी ही उतरंड होती. म्हणून एखाद्या सुशिक्षित घरातील पालकाला असे वाटणे शक्य आहे की, एवढे शिकून आमच्या पोराने लोकांचे पाय धुवायचे काय? ह्याला उत्तर असे की, जगातील प्रगत देशांत पाय पाहणाऱ्या वैद्याला शस्त्रक्रियागृहात मान आहे. आणि दुसरे उत्तर घरातलेच आहे. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या नसांच्या दुखण्याने त्यांना फार जेरीस आणले होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपून दिले, ही आठवण आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली आहे. मधुमेहाने पायांच्या नसा कशा जळतात हे आज शाळेच्या मुलालाही सांगता येईल, परंतु आपल्या वस्तीतल्या किती मधुमेही आजोबांचे तळवे वर्षातून एकदा तरी कोणी पाहतो?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तो आता शहरातील पोट सुटलेल्या शेठजींचा आजार राहिलेला नाही.

विनयपिटकातील पाय

बौद्ध साहित्यात पायांच्या औषधोपचारासंबंधी किती बारकाईने लिहिलेले आहे, हे वाचून नवल वाटते. महावग्गात चामड्याच्या वस्तूंसंबंधी एक स्वतंत्र खंधक आहे. त्यात सोण कोळिविस ह्या श्रीमंत घरातून आलेल्या भिक्खूची कथा येते. त्याचे पाय इतके कोवळे होते की चंक्रमण करताना तळवे फुटले आणि सारी वाट रक्ताने माखली. तथागतांनी ती वाट पाहिली, ही कोणाची म्हणून विचारले, आणि ते स्वतः त्याच्याकडे गेले. वीणेच्या तारेचा प्रसिद्ध दृष्टान्त ह्याच प्रसंगातला. तो आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो, पण त्यानंतर काय झाले ते फारसे कोणी सांगत नाही. तथागतांनी सोणाला एकपदरी वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला सवलत नको. तेव्हा ती अनुज्ञा सर्व भिक्खूंना देण्यात आली. पुढे भेसज्जखंधकात पिलिंदवच्छ ह्या भिक्खूच्या पायांना भेगा पडल्याचा उल्लेख आहे, व त्यासाठी पायाला लावावयाच्या तेलाची आणि मलमाची परवानगी आहे.

जीवकाची कथा तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी. तो तक्षशिलेला आचार्यांजवळ सात वर्षे राहिला. अखेरीस आचार्यांनी त्याला एक योजनाच्या परिघात औषधी नसलेली एखादी वनस्पती शोधून आणावयास सांगितले, आणि तो रिकाम्या हाताने परतला. ही झाली परीक्षा. परंतु त्याच्या वैद्यकीचा खरा कस मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची लागून तथागतांच्या पायाला जखम झाली, तेव्हा जीवकाने औषध लावून पट्टी बांधली आणि तो नगरात दुसऱ्या रुग्णाकडे गेला. परत येईपर्यंत वेशीचे दरवाजे बंद झाले. पट्टी ठरल्या वेळी सोडली नाही तर त्रास होईल, ह्या काळजीत तो रात्रभर राहिला, असे धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. तिकडे तथागतांनी आनंदाकडून ती वेळेवर सोडवून घेतली. पायाच्या जखमेवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, पट्टी बांधणे सोपे असते. ती कधी आणि कोण सोडणार, ह्यावर सारे अवलंबून असते.

बीड जिल्ह्यात कोठे जावे

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की, अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने ग्रामीण भागासाठी काढलेले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून नाव मिळविले. तेथील शल्यचिकित्सा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाशेजारची ड्रेसिंगची खोली हे पायांच्या वैद्यकाचे खरे विद्यालय समजावे. बीड शहरात जिल्हा रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय असते. प्राथमिक आरोग्य केंद्रावर रक्तदाब व मधुमेह तपासणीचे दिवस असतात, आणि आशाताई कोणाच्या घरात बरी न होणारी जखम आहे हे नावानिशी जाणून असते.

ह्याखेरीज दोन ठिकाणे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाहीत. एक, कुष्ठरोग विभाग. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी शासनाकडून मऊ रबराच्या तळाच्या, म्हणजे एमसीआर चपला दिल्या जातात, आणि पाय रोज कसा भिजवावा, घासावा, तपासावा हे शिकविले जाते. हे काम करणारे कर्मचारी पायांविषयी जे जाणतात ते पुष्कळ पदवीधरांना ठाऊक नसते. दुसरे ठिकाण म्हणजे आपल्या बाजारातला चांभारदादा. कोणाचा तळ कोणत्या बाजूने झिजतो हे तो जोडा हातात घेताच सांगतो. एक दिवस त्याच्याजवळ बसावे, आणि लाजू नये. वाकड्या पायांनी जन्मलेल्या बाळांना दर आठवड्याला प्लास्टर बदलून सरळ करण्याची पोन्सेटी पद्धत अनेक सरकारी रुग्णालयांत वापरतात. अशा दिवशी परवानगी मिळाली तर अवश्य जावे. आईच्या मांडीवरचे रडणारे बाळ आणि ओले प्लास्टर एकाच वेळी सांभाळणारे हात पाहावयास मिळतात.

परवानगी लेखी मागावी. अर्ज वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्यांच्या नावे, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे करावा. मजकूर थोडक्यात असावा, जसे :

“मी इयत्ता बारावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी असून मला पुढे पायांच्या आजारांशी संबंधित अभ्यासक्रम निवडावयाचा आहे. तो निवडण्यापूर्वी प्रत्यक्ष काम पाहावे अशी इच्छा आहे. आपल्या ड्रेसिंग कक्षात दहा दिवस, सकाळी ९ ते १, केवळ निरीक्षक म्हणून उभे राहण्याची परवानगी द्यावी. मी कोणत्याही रुग्णाला हात लावणार नाही, छायाचित्र घेणार नाही, आणि रुग्णाची माहिती बाहेर सांगणार नाही. सोबत प्राचार्यांचे पत्र व पालकांचे संमतिपत्र जोडले आहे.”

अशी परवानगी देण्याची ठरलेली योजना बहुतेक ठिकाणी नाही. त्यामुळे नकार मिळेल, किंवा उद्या या म्हणतील. तेव्हा आपल्या संस्थेचे जे सभासद आरोग्य खात्यात परिचारिका, औषधनिर्माता, तंत्रज्ञ, लिपिक म्हणून आहेत त्यांनी पुढे यावे. मुलाला घेऊन साहेबांच्या खोलीपर्यंत जाणे, एवढेच त्यांनी करावयाचे आहे. वर्गणीपेक्षाही ही मदत मोठी ठरेल, असे मला वाटते. मुलींच्या बाबतीत दोघी-तिघींनी मिळून जावे आणि परतीच्या एसटीची वेळ आधीच ठरवावी.

एक धोक्याची सूचना. काही खासगी दवाखान्यांत शिकायला आलेल्या पोराला चार दिवसांत फुकटचा कंपाउंडर करून टाकतात. इंजेक्शन दे, टाका काढ, ड्रेसिंग कर, असे सुरू होते आणि पोरगाही हुरळून जातो. हे शिक्षण नव्हे. पात्रता नसताना रुग्णाला हात लावणे बेकायदेशीर आहे, आणि त्यात ज्याच्या पायाला इजा होईल तो माणूस बहुधा आपल्यासारखाच गरीब असेल. नम्रपणे नाही म्हणावे आणि तिथे जाणे बंद करावे. तसेच पैसे घेऊन निरीक्षणाचे प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे वळूनही पाहू नये.

काय पाहावे

पहिल्या दिवशी वास सहन होत नाही. कुजलेल्या जखमेला जो दर्प असतो तो पुस्तकात छापता येत नाही. चक्कर आल्यासारखे वाटले तर मुकाट्याने बाहेर येऊन बसावे, त्यात कमीपणा नाही. तिसऱ्या दिवशी ज्याला वासाचा विसर पडून जखमेविषयी कुतूहल वाटू लागते, त्याने हे क्षेत्र आपले समजावयास हरकत नाही. आणि दहा दिवसांनंतरही ज्याचे मन मागे सरते, त्याने दुसरी वाट धरावी. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी हे कळले, तर तो लाभच आहे.

चांगला डॉक्टर आधी चप्पल पाहतो. मग दोन्ही पाय पाहतो, एकच दुखत असला तरी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का, टाचेला भेगा आहेत का, नखुरडे झाले आहे का, तळव्यावर कुरूप किंवा घट्टा कोठे आहे. मग हाताची मागची बाजू लावून कोणता भाग गरम आहे ते पाहतो, आणि पावलाच्या पाठीवर व घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी शोधतो. त्यानंतर मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा जाडसर तंतू काढतो. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून तळव्याला तो टेकवायचा आणि विचारायचे, कळले का? ज्याला कळत नाही त्याच्या पायाला काटा, खडा, जळता निखारा काहीच कळणार नाही. एवढीशी ही तपासणी आहे. यंत्र नाही, वीज नाही.

सर्वांत धक्का बसतो तो पुढे. डॉक्टर मृत मांस कात्रीने कापत असतो आणि रुग्ण शेजाऱ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलत असतो. भूल दिलेली नसते. पाहणाऱ्याला वाटते केवढा सोशिक माणूस! खरे तर ज्याला दुखत नाही तोच अधिक धोक्यात आहे, हे येथे उभे राहिल्याशिवाय मनात रुजत नाही.

ही गोष्ट जगाला समजावून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी रुग्णांचे दैनंदिन जीवन न्याहाळले आणि दाखवून दिले की, बधिरपणामुळे नकळत होणाऱ्या इजा व त्यातून होणारा जंतुसंसर्ग हे बोटे गमावण्याचे कारण आहे. त्यातूनच मऊ रबराच्या पादत्राणांवर काम झाले. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले. म्हणजे आज अमेरिकेतील पोडियाट्रीचा विद्यार्थी जे धडे शिकतो त्यांतील काही आपल्याच देशातील अनवाणी कुष्ठरोग्यांच्या पायांवरून लिहिले गेले आहेत. जयपूर फूटचेही तसेच आहे. सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडविला. परदेशी कृत्रिम पायाने मांडी घालता येत नव्हती, उकिडवे बसता येत नव्हते, शेतातल्या चिखलात चालता येत नव्हते. रुग्ण तो पाय काढून कोपऱ्यात ठेवीत आणि कुबड्या घेऊन फिरत. हे ज्यांनी पाहिले त्यांनाच दुसरा पाय सुचला.

आता जे मला ह्या लेखात सर्वांत अगत्याने सांगावयाचे आहे ते असे. ड्रेसिंग झाल्यावर डॉक्टर म्हणतात, “सहा आठवडे पायावर भार देऊ नका.” शास्त्रानुसार हे अगदी बरोबर आहे, कारण तळव्याच्या जखमेला भार न देणे हेच मुख्य औषध आहे. तेव्हा विद्यार्थ्याने डॉक्टरांकडे न पाहता रुग्णाकडे पाहावे. तो मान हलवतो, पण काही बोलत नाही. समजा तो ऊसतोड कामगार आहे. त्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाचा पाय थांबला की दोघांची मजुरी थांबते, खाडा धरला जातो आणि उचल फिटत नाही. फडात पाचटाखाली उसाचे टोकदार बुडखे असतात, पहाटे दव असते, पायात झिजलेली स्लीपर असते, आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढावयाचे असते. कोपीपासून दवाखाना दूर. अशा माणसाने सहा आठवडे कोठे बसावयाचे?

हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत येत नाही. परंतु आपल्या घरातून गेलेल्या विद्यार्थ्याला तो दिसेल, कारण त्याची आई किंवा मामा त्याच फडातून आलेले असतात. कदाचित तोच डॉक्टरांना हळूच सांगू शकेल की, साहेब, हे दसऱ्यानंतर कारखान्यावर जाणार आहेत, त्यांना तिथे करता येईल असे काही सांगा. भार कमी करणारे जाड तळाचे पादत्राण, ड्रेसिंगचे सामान सोबत देणे, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी, बायकोला ड्रेसिंग शिकविणे, असे काहीतरी निघू शकते. निघेलच असे नाही. पण मान हलवून गेलेला रुग्ण परत आला तर बहुधा बोट काळे पडलेले घेऊन येतो, आणि मग त्याला हलगर्जी म्हणून बोल लावला जातो.

नोंदवही

रोज घरी आल्यावर एक पान लिहावे. तारीख, किती तास उभे राहिलो, कोणाच्या हाताखाली, काय पाहिले, काय समजले नाही. रुग्णाचे नाव, गाव, आडनाव कधीही लिहू नये. “पन्नाशीतील शेतमजूर स्त्री, उजव्या टाचेला जखम” एवढे पुरे. न समजलेल्या गोष्टी विचारण्यासाठी ओपीडी संपण्याची वाट पाहावी. शेवटच्या दिवशी डॉक्टरांची किंवा परिचारिकेची सही आणि तासांची बेरीज घ्यावी. पुढे परदेशी अर्ज करावयाचा झाल्यास ही वही कामी येते. तेथे मात्र जसे असेल तसेच लिहावे. सर्जनच्या सोबत राहिलो असू तर सर्जनच लिहावे, पोडियाट्रिस्ट लिहू नये. ज्या महाविद्यालयाला पोडियाट्रिस्टचेच पत्र हवे असेल त्यांना पत्राने आपली अडचण कळवून, काय चालेल ते विचारावे.

जाताना पायात बंद बूट घालावेत, नखे कापलेली असावीत, मोबाईल पिशवीत ठेवावा, आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसल्यास त्याविषयी आधी आरोग्य केंद्रात विचारावे. कोणी रुग्ण म्हणाला की पोराला बाहेर पाठवा, तर कारण न विचारता बाहेर जावे. त्याचा तो हक्क आहे.

राहता राहिला काळवेळ. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि नीट साधारणतः मेच्या सुरुवातीला होते. त्यानंतर निकाल आणि प्रवेशफेऱ्या सुरू होईपर्यंतचे काही आठवडे मोकळे असतात. ऊसतोड टोळ्याही मार्च-एप्रिलपासून परतू लागलेल्या असतात, आणि हंगामभर अंगावर काढलेले पाय त्याच सुमारास ड्रेसिंगच्या खोलीत येतात. अर्ज मात्र मार्चमध्येच देऊन त्याची पोच घेऊन ठेवावी, कारण फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास महिना सहज लागतो.